कडुनिंबापासून मोहापर्यंत : वर्धा-चिमूर भागातले झाडांवरचे पाच दिवस

दोराने झाडावर चढायचे, झाड न पाडता त्यातला मेलेला किंवा धोक्याचा भाग तेवढा उतरवायचा आणि नंतर स्वतः धड खाली यायचे, हा माझा गेल्या अकरा वर्षांचा व्यवसाय आहे. तो बहुतेक पुण्यातल्या सोसायट्यांच्या आवारात चालतो. तिथे झाडाविषयीचे बोलणे गाड्या लावण्याच्या जागेपासून सुरू होते आणि पानांच्या कचऱ्यापाशी संपते. त्यामुळे वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातून एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला आणि "शाळेतला कडुनिंब पाडा असे गावातले काही जण म्हणतात, तो पाडावा लागू नये म्हणून तुम्ही या" असे ते म्हणाले, तेव्हा मी तारखा न पाहताच होकार दिला. पुढच्या दोन आठवड्यांत गुरुजींनी आणखी तीन झाडे जोडून दिली : गावातल्या मारुतीसमोरची चिंच, गिरडच्या वाटेवरचा एक वड आणि चिमूर तालुक्यात त्यांच्या मुलीच्या सासरी शेताच्या धुऱ्यावर उभा असलेला मोह.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघे निघालो. मी, माझ्याबरोबर चढणारा एक तरुण सहकारी आणि खालून दोर सांभाळणारे आमचे अण्णा. अण्णा मूळचे साताऱ्याकडचे असून त्यांनी आयुष्यात एकदाही झाडावर पाय ठेवलेला नाही, तरी या धंद्यात मी ज्यांच्यावर पूर्ण विसंबून असतो असे ते एकटेच आहेत.

पोहोचण्याचा दिवस : सेवाग्राम

रात्रीची रेल्वे सकाळी उशिरा वर्ध्याला पोहोचली. दोरांच्या दोन थैल्या आणि करवतींची पेटी पाहून फलाटावरच्या हमालाने आम्हाला विहिरी खोदणारे ठरवले होते आणि आम्ही ते नाकारले नाही. मुक्काम सेवाग्रामच्या यात्री निवासात केला. वर्ध्यापासून हे अंतर आठेक किलोमीटर आहे, रिक्षा सहज मिळते, आणि शांतता व स्वच्छता यांखेरीज दुसरी अपेक्षा नसेल तर याहून चांगली जागा या भागात शोधू नये.

संध्याकाळी आश्रमात गेलो. गांधीजी १९३६ साली या गावी, म्हणजे तेव्हाच्या शेगावी, राहायला आले आणि त्याच वर्षी त्यांनी लावलेला पिंपळ प्रार्थनेच्या मोकळ्या जागेशेजारी आजही उभा आहे. लोक तिथे हात जोडतात. माझी नजर मात्र धंद्याच्या सवयीने बुंध्यापासून वर चढत गेली : कुठे दोन फांद्यांच्या बेचक्यात साल आत दबली आहे, दोर कुठून टाकता येईल, कोणत्या फांदीवर भार देऊ नये. प्रार्थना सुरू झाल्यावर अण्णांनी कोपराने ढोसले, तेव्हा मी मान खाली घातली. पिंपळाला नवी तांबूस पालवी आलेली होती आणि साडेसहा वाजले तरी जमिनीतून ऊन वर येत होते.

पहिला दिवस : शाळेतला कडुनिंब

पहाटे साडेचारला निघालो. वाटेत जाम चौरस्त्यावर तर्री पोहे खाल्ले. हे या संपूर्ण प्रवासातले सर्वांत चविष्ट आणि सर्वांत चुकीचे पाऊल होते. ज्याला नंतर मांड्यांना आणि कमरेला पट्टे आवळून तीन तास लटकायचे आहे, त्याने तर्री काम संपल्यावर खावी. चढण्यापूर्वी केळे किंवा मूठभर शेंगदाणे, मीठ-साखरेचे पाणी, आणि बस्स.

शाळा सकाळची होती. आम्ही पोहोचलो तेव्हा मुले प्रार्थनेसाठी नेमकी त्याच मैदानात उभी होती, जिथे कडुनिंबाची वाळलेली, माझ्या मांडीएवढी जाड फांदी वरून रोखलेली होती. झाड पाहून मला आधी राग आला तो त्या फांदीचा नव्हे, पाराचा. कोणीतरी मोठ्या प्रेमाने बुंध्याला अगदी चिकटवून सिमेंटचा पार बांधला होता आणि त्यावर फरश्याही बसवल्या होत्या. झाडाचा बुंधा जमिनीजवळ पायघोळ होत जातो आणि तिथून मुळे फाकतात. तो भाग उघडा, कोरडा आणि हवेशीर राहायला हवा. तो माती-सिमेंटने गाडला की साल ओलसर राहून कुजू लागते, आणि वर शेंड्याला वाळलेल्या काड्या दिसू लागेपर्यंत खाली काय चालले आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पार माझ्याच कारकिर्दीत झाला."

चढण्याआधी बुंध्याभोवती फिरून लाकडी हातोडीने ठोकून पाहायचे असते. भरीव लाकूड टणक आवाज देते, पोकळ असेल तर ढोलासारखा घुमतो. कडुनिंब एका बाजूला थोडा घुमला, पण तीन बाजू पक्क्या होत्या. मग दोर वर घालण्याचे काम. साडेतीनशे ग्रॅम छऱ्यांनी भरलेली लहान पिशवी बारीक दोरीला बांधून ती हव्या त्या बेचक्यातून पार करायची आणि तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा. सहकाऱ्याचे पाच नेम चुकले आणि प्रत्येक चुकीला चौथीच्या वर्गाने मोजणी केली. सहाव्या वेळी एक किडकिडीत मुलगा पुढे येऊन म्हणाला, "सर, मले द्या ना एकडाव." गुलेलीचा सराव असलेल्या त्या मुलाने दुसऱ्याच फेकीत पिशवी बरोबर त्या बेचक्यातून काढली. त्यानंतर मुले वर्गात जायला तयार होईनात, पण गुरुजींनी एक शब्द न बोलता नुसते पाहिले आणि मैदान रिकामे झाले. काम चालू असताना झाडाखाली एकही माणूस नको, हा आमचा पहिला नियम असल्याने मला हे फारच सोयीचे गेले.

वर गेल्यावर झाडाची खरी हकीकत कळली. काही वर्षांपूर्वी कोणीतरी कुऱ्हाडीने त्याचा शेंडा सपाट उडवला होता. झाड "हलके" करण्याची ही पद्धत सर्वत्र आहे आणि तिच्याइतके झाडाचे नुकसान वादळही करत नाही. सपाट कापलेल्या खोडातून कुजणे आत उतरते आणि कापाच्या कडेने जे दाट फुटवे येतात ते सालीखालून वरवर फुटलेले असतात. मूळच्या फांदीसारखे ते लाकडात खोलवर रुजलेले नसतात. दहा वर्षांत ते मनगटाएवढे जाड होतात आणि मग एखाद्या वादळात मुळासकट सोलून निघतात. मी त्यांतले दाट आणि कमकुवत फुटवे विरळ केले, वाळलेली मोठी फांदी तीन तुकड्यांत उतरवली आणि बाकीचे झाड तसेच ठेवले. एकदा करवतीचे दाते कशावर तरी करकरले, तेव्हा पाहिले तर लाकडाने पूर्ण गिळलेली जाड तार होती. पूर्वी तिथे ध्वनिक्षेपक टांगत असत असे नंतर कळले. हातकरवत होती म्हणून चार दाते गेले. यांत्रिक करवत असती तर साखळी तुटून अंगावर आली असती.

सहकारी या काळात खाली पट्टे बांधून तयार उभा होता, कारण वरचा माणूस बेशुद्ध होऊन पट्ट्यांत लटकत राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेतते. त्याला उतरवणारा दुसरा चढणारा जागेवरच हवा, गावातून बोलावून आणायला वेळ नसतो.

साडेदहाला थांबलो. त्यानंतर ऊन एवढे चढले की दोराच्या लोखंडी कड्या उघड्या हाताने धरवेनात. कापलेल्या जागेवर काय लावायचे यावरून तेवढ्यात वाद सुरू झाला होता. एक जण डांबर म्हणाला, एक गेरू म्हणाला, आणि आर्वीकडे संत्र्याची बाग असलेले एक पाहुणे ठामपणे म्हणाले की बोर्डो मलम लावल्याशिवाय झाड जगत नाही. संत्र्याच्या बाबतीत त्यांचे खरे होते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचा तो मलम बुंध्याला लावतात तो मुख्यतः डिंक्या रोगाच्या बुरशीला अटकाव म्हणून. मोठ्या झाडाच्या कापलेल्या फांदीचे गणित मात्र निराळे आहे. अमेरिकेच्या वन विभागातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात असे मांडले की झाड आपल्यासारखी जखम भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालते आणि पुढचे नवे लाकूड त्याच्या बाहेर वाढवते. डांबराने त्या भिंती मजबूत होत नाहीत, उलट आतला ओलावा कोंडून राहतो. आपण एवढेच करायचे की फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर वळीला, जिला आम्ही आपसांत कॉलर म्हणतो, धक्का न लावता तिच्या अगदी बाहेर काप घ्यायचा. पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाले, "तरी थोडा लावून पाहाले काय जाते?"

गुरुजींच्या घरी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा आणि ताक झाले. तर्रीचा हिशोब ताकाने चुकता केला. पार बुंध्यापासून हातभर अंतरापर्यंत फोडण्याचे काम दुपारीच सुरू झाले होते आणि पहिला घण गुरुजींनी स्वतः मारल्याचे संध्याकाळी कळले.

दुसरा दिवस : मारुतीसमोरची चिंच

या दिवसाविषयी लिहिताना मला थोडे संकोचल्यासारखे होते, कारण या दिवशी मी चुकलो.

चिंचेची एक लांब फांदी देवळाच्या पत्र्यावर रेलत होती आणि तिच्या टोकापासून विजेची तार फार दूर नव्हती. लाइनमन सकाळी सहाला आला, त्याने पुरवठा बंद केला आणि आठ वाजेपर्यंतची मुदत दिली. चिंच, मोह, आंबा, सागवान ही झाडे राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत असल्याने ती पाडायची तर परवानगी लागते. आपण एखादीच फांदी काढणार असलो तरी कागद आधी पाहून घ्यावेत, असा माझा नेम आहे. गुरुजींनी ग्रामपंचायतीचा ठराव आणि पंचनामा दोन्ही तयार ठेवले होते.

घाई विजेच्या मुदतीची होती, पण चूक माझीच. मोठ्या फांदीकडे सरकताना मध्ये येणारी एक लहान फांदी मी वरूनच कापली. खालून आधी थोडा काप घ्यावा, मग थोडे पुढे सरकून वरून कापावे, आणि ओझे गेल्यावर उरलेला खुंट कॉलरबाहेर शेवटच्या कापाने काढावा, हे तीन काप मी प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या आठवड्यात शिकवतो. मी खालचा काप घेतला नाही, फांदी अर्ध्यात कलली आणि खाली जाताना दोन हात लांबीची साल सोलून घेऊन गेली.

देवळाच्या सावलीत पाच-सहा बायका चिंचा फोडून चिंचोके वेगळे करत बसल्या होत्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हातातली हातोडी खाली ठेवली. "बाप्पा, झाडाले लागलं ना!" एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दोष देणे अजिबात नव्हते आणि मला त्यामुळेच ते जास्त लागले. सोललेल्या सालीच्या कडा धारदार पात्याने साफ करून मी पुढे गेलो. त्याहून अधिक काही करता येत नाही. निदान चिंचेचे लाकूड टणक असल्याने कुजणे सावकाश पसरेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मोठी फांदी मात्र नीट उतरली आणि तिचे श्रेय विहिरींचा गाळ काढणाऱ्या एका गृहस्थांना द्यायला हवे. फांदी पत्र्यावर न आदळता खाली यावी म्हणून ती दोराला बांधून सावकाश सोडायची असते. त्या दोराचे वेढे बुंध्याला देऊन घर्षणाच्या जोरावर एक माणूस चारपाच क्विंटल ओझेही पेलू शकतो. अण्णा वेढे देत असताना हे गृहस्थ जवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आमी विहिरीवर असंच करतो. एक येढा कमी करा, अटकून राहीन." अण्णांनी एक वेढा काढला आणि दोराचे टोकच त्यांच्या हाती दिले. इतक्या वर्षांत अण्णांनी दोर परक्या माणसाच्या हाती दिलेला मी पाहिला नव्हता. फांदी सुटली, क्षणभर थबकली आणि एखादी पालखी उतरावी तशी पत्र्याच्या वीतभर बाजूने अंगणात टेकली.

नंतर चहाच्या वेळी दोघांचे जे बोलणे झाले ते मी वहीत उतरवून ठेवले आहे. विहिरीचा नियम असा : खालच्या माणसाने हाक दिल्याबिगर दोर हलवायचा नाही, आणि हाक ऐकू आली नाही तर ती आलीच नाही असे धरायचे. "आला असन आवाज, असं समजून चालाचं नाही," ते म्हणाले. अण्णा म्हणाले की आमच्याकडे माणूस वर असतो एवढाच फरक आहे.

संध्याकाळी त्यांच्याच वावरात रोडगे झाले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण आणि वरून सोडलेले तूप. मी किती खाल्ले ते लिहीत नाही.

या भागात मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्यांनी दिवसाचे दोन भाग करावेत : पहाटे पाच ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर. मधला वेळ घरात काढावा. डोक्याला दुपट्टा गुंडाळायला संकोचू नये, सगळेच गुंडाळतात. वायगावची हळद याच तालुक्यातली, तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. घरी नेण्यासाठी तीच घ्यावी. वर्ध्याचा गोरसपाक (गाईच्या तुपातले बिस्किट) मात्र परतीच्या दिवशी घ्यावा, कारण तो आधी घेतला तर घरापर्यंत पोहोचत नाही.

तिसरा दिवस : वड, जो आम्ही चढलो नाही

गिरडच्या वाटेवरच्या वडाच्या पारंब्या रस्त्यावर लोंबतात, एसटीच्या टपाला घासतात, तेव्हा त्या सरसकट कापाव्या अशी मागणी होती. आम्ही झाडाखाली पोहोचलो, दुर्बीण लावली आणि थैल्या गाडीतून बाहेरही काढल्या नाहीत. वरच्या आडव्या फांदीला आग्या मोहोळाची सात पोळी होती. प्रत्येक पोळे उघडे, काळसर, अधूनमधून लाटेसारखे थरथरणारे. ती लाट म्हणजे जवळ येऊ नका असा इशारा असतो. झाडावर दोरात अडकलेल्या माणसाला पळता येत नाही. पाच वर्षांपूर्वी दहा मीटरवरून खाली येईपर्यंत मला एकवीस डंख झाले होते आणि ते मोजण्याचे काम डॉक्टरांनी केले होते. धूर करून त्यांना हाकलू, असे दोन तरुणांनी उत्साहाने सुचवले. मी हात जोडून नको म्हणालो. या माशा ऋतूप्रमाणे जागा बदलतात, पावसाळ्याच्या सुमारास ही पोळी रिकामी होतील, तेव्हा पाहू.

पारंब्या कापण्याच्या मात्र मी विरोधातच बोललो. रस्त्यावरच्या चार-पाच टोकाला आखडाव्यात, पण शेताच्या बाजूच्या पारंब्या, पोकळ बांबूंत माती भरून, त्यांतून जमिनीपर्यंत न्याव्यात. जमिनीत रुजली की पारंबी खांब होते आणि वड त्या खांबावर पुढे सरकतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रचंड वडाचा मूळ बुंधा बुरशीमुळे १९२५ साली काढून टाकावा लागला, तरी ते झाड आज नुसत्या पारंब्यांवर उभे आहे. हे ऐकून ज्या शेतकऱ्याच्या हद्दीत बांबू रोवायचे होते तो म्हणाला की वड पुढे सरकत सरकत त्याच्या वावरात आला तर सातबारा कोणाच्या नावावर करायचा. त्याच्या या शंकेला माझ्याकडे उत्तर नव्हते.

अशा रीतीने मोकळा मिळालेला दिवस गिरडच्या टेकडीवर गेला. शेख फरीद यांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोन्ही येतात. टेकडीवर नारळ-सुपारीच्या आकाराचे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा मालच दगड झाला, अशी त्यांची कथा सांगतात. सहकाऱ्याने एक सुपारीएवढा दगड उचलून खिशात टाकला आणि पायऱ्या उतरताना काय वाटले कोणास ठाऊक, पुन्हा वर जाऊन ठेवून आला.

चौथा दिवस : चिमूरकडे

प्रवास छोटा होता. पळसाचा बहर ओसरत आला होता आणि रस्त्याच्या कडेला पाकळ्यांचा सडा वाळून तपकिरी झाला होता. चंद्रपूर जिल्ह्यात शिरल्यावर मोहाचा वास सुरू झाला. तो गोड म्हणावा तर आंबूस आहे, आणि खिडक्या बंद केल्या तरी जात नाही. गुरुजींच्या मुलीच्या सासूबाईंनी आल्या आल्या एकच सूचना दिली : पहाटे एकट्याने धुऱ्याकडे जायचे नाही. ताडोब्याचे कोलारा प्रवेशद्वार याच तालुक्यात आहे, आणि वाघ जंगलाची हद्द पाळत नाही. मोहफुले वेचायला वाकलेल्या माणसावर हल्ले झाल्याचे या जिल्ह्यात दरवर्षी ऐकू येते. जेवणात लाखोरीच्या डाळीचे वरण होते आणि झोप अंगणातल्या बाजेवर झाली.

पाचवा दिवस : धुऱ्यावरचा मोह

उजाडता उजाडता सात-आठ बायका, दोन मुले आणि आम्ही तिघे असे मोठ्याने बोलत निघालो. गप्प चालायचे नाही, असाच दंडक होता. मोह मी दुरून पाहिला तेव्हा तो मेलेलाच वाटला. एकही पान नाही, शेंड्यांना नुसते फुलांचे घोस. पहाटेपासून फुले टपटपत होती आणि जमिनीवर त्यांचा फिकट पिवळसर थर पडला होता. बायका टोपल्या घेऊन बसल्या आणि पुढचा तासभर त्या टपटपीखेरीज दुसरा आवाज नव्हता. एक फूल तोंडात टाकले. आधी मधासारखे, मग घशाशी किंचित जळजळ.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर चार मीटरच्या वर भरला. बुंध्याच्या एका बाजूला मात्र माणूस बसेल एवढी काळी खोबण होती. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. वर्षानुवर्षे ती धग बुंध्याला लागते, साल मरते, आत कुजणे शिरते आणि झाड तळातून पोखरले जाते. जंगलात वणवा लागतो तो वेगळाच. सासूबाईंनी मी बोलायच्या आधीच सांगितले की त्यांच्या घरात तीन वर्षांपासून पाला जाळत नाहीत, झाडून काढतात. खोबण त्यांच्या सासऱ्यांच्या काळातली. मी ठोकून पाहिले. घुमत होते, पण भिंत सर्व बाजूंनी वीतभरापेक्षा जाड होती, आणि पोकळ नळीसुद्धा भिंत जाड असेल तर चांगला भार पेलते.

काम होते ते दक्षिणेकडच्या एका जुन्या फांदीचे. ती नेमकी फुले वेचण्याच्या जागेवर होती आणि मागच्या वर्षी तिचा एक तुकडा पडून एका मुलीचा खांदा दुखावला होता. निष्पर्ण झाडात जिवंत फांदी आणि वाळकी फांदी ओळखणे सोपे नसते. प्रत्येक ठिकाणी जाऊन नखाने साल खरवडायची, खाली हिरवे दिसले तर सोडायचे, तपकिरी दिसले तर कापायचे. अशा रीतीने मी मनगटाएवढ्या अकरा वाळक्या फांद्या काढल्या आणि शेवटी त्या मोठ्या फांदीकडे वळलो. तिच्या मधोमध एक ढोली होती. ढोलीचे तोंड मातकट, ओबडधोबड लेपाने बुजवलेले होते आणि मध्ये बोटभर रुंदीची उभी फट होती. मी ओळखायच्या आतच त्या फटीतून चोचीचे टोक बाहेर आले आणि आत गेले.

राखी धनेशाची मादी ढोलीत शिरून स्वतःच्या विष्ठेने तोंड लिंपून घेते आणि अंडी उबवून पिल्ले मोठी होईपर्यंत महिन्या-दोन महिन्यांहून अधिक काळ आत राहते. त्या काळात तिचे खाणे पूर्णपणे नरावर अवलंबून असते. मी दोरावर स्थिर राहिलो. थोड्या वेळाने नर शेजारच्या पळसावर येऊन बसला, त्याच्या चोचीत उंबर होते आणि माझ्यामुळे तो पुढे येईना. मी पंधरा मिनिटांत खाली उतरलो.

आता अडचण अशी की फांदी काढली तर घरटे जाते आणि ठेवली तर ती बायकांच्या डोक्यावर राहते. झाडाखालीच बैठक बसली. सासूबाईंना पक्ष्याचे कौतुक होते, पण त्या तेवढ्यावर निर्णय घेणाऱ्या नव्हत्या. या एका झाडाच्या फुलांवर त्यांचे उन्हाळ्याचे बरेच गणित अवलंबून असते. "पक्षी बी जगला पाहिजे अन् पोरी बी," त्या म्हणाल्या, आणि मग अण्णांकडे वळून विचारले, "अर्धी कापता येते का?" मी तेच सुचवणार होतो, पण त्यांनी आधी सुचवले याची नोंद करायला हवी. ढोली खोडापासून दीड मीटरवर होती आणि फांदीचा खरा भार तिच्या पुढच्या चार मीटरांत होता. संध्याकाळी नर नसताना, हातकरवतीने, फांदीला वरच्या खोडाचा दोर लावून आम्ही टोकाचे तीन तुकडे आवाज न करता उतरवले. उरलेला भाग आखूड झाल्याने तो आता स्वतःचेच वजन पेलतो. तरीही खाली चुन्याने एक गोल आखून दिला आणि त्यात बसून वेचायचे नाही असे ठरले. त्या गोलात पडलेली फुले कोणी घ्यायची, यावर बायकांचे आम्ही निघेपर्यंत एकमत झाले नव्हते.

नर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो का, एवढे पाहण्यासाठी मुक्काम एका रात्रीने वाढवला. सहा वाजून वीस मिनिटांनी तो आला, फांदीच्या नव्या टोकावर बसला, दोनदा मान वाकडी करून पाहिले आणि मग फटीशी गेला. सासूबाईंनी त्याआधीच गोलाच्या कडेने टोपली अर्धी भरली होती.

उरलेल्या फांदीचे काय ते रोहिणी नक्षत्र लागल्यावर पाहायचे, असा आमचा करार आहे. ढोलीची भिंत फुटली की सासूबाईंच्या सूनबाई फोन करतील, आम्ही येऊ, आणि मजुरीत तांदूळ चालेल असे अण्णांनी परस्पर सांगून टाकले आहे. परवा त्यांचा फोन आला होता. भिंत अजून आहे, नर दिवसभर उंबर आणतो, आणि गोलातली फुले शेवटी शाळेतली मुले नेतात.